सात नंबरची नळी

बुचाच्या कडेला एक पांढरा दाणा चिकटून राहिला होता, साखरेच्या दाण्यापेक्षा जरा चपटा, आणि प्रयोगशाळेचे भांडारवाले काका ते काचेचं बूच तिच्या नाकासमोर धरून उभे होते — अदबीनं, दोन बोटांत — तरी तिची नजर त्या दाण्यावरून हलेना, कारण दाणा निदान दिसत तरी होता.

"बघा मॅडम," काका म्हणाले. "येतोय ना?"

तिनं रीतसर केलं. नाक बुचाला भिडवलं नाही. उजव्या पंजानं हवा हळूच आपल्याकडे ओढली, दोनदा, डोळे किंचित मिटले, एक भुवई वर नेली. सव्वीस वर्षं पहिल्या तासाला ती मुलांना हेच शिकवत आली होती — नळीत नाक खुपसू नका, वासाला तुमच्याकडे येऊ द्या — आणि आताही ते इतकं बेमालूम जमलं की क्षणभर तिला स्वतःलाच वाटलं, येईल. हवा आली. थंड होती. गेली.

"तुम्हाला कसला वाटतो?" तिनं विचारलं. वर्षभराची युक्ती. आपण आधी तोंड उघडायचं नाही, समोरच्याला बोलू द्यायचं, मग जाणत्या माणसासारखी मान हलवायची.

"कसला म्हणजे? व्हिनेगरचा! नाकात घुसतोय नुसता. आणि बाटलीवर लिहिलंय झिंक सल्फेट. सल्फेटला कुठला आलाय वास? हे ॲसिटेट आहे मॅडम. गेल्या आवराआवरीत दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या सुटून आल्या होत्या, मीच डकवल्या परत. ह्याची टोपी त्याला, त्याची ह्याला." काका स्वतःवर चिडले होते, आणि चिडले की ते बाटलीचं झाकण पुन्हा पुन्हा फिरवत बसत. "परीक्षेला सात नंबरच्या नळीत मी ह्यातलंच भरलं होतं."

ती मान हलवायचं विसरली.

"पण तेव्हा तुम्ही वास घेतला होतात ना?" काकांच्या आवाजात संशयाचा लवलेश नव्हता, खरंच विचारत होते, एखादं माहितगार माणूस भेटल्यावर विचारावं तसं. "तेव्हा नव्हता येत?"

"तेव्हा... ताजं असेल," ती म्हणाली.

क्षार काय पाव आहे, ताजा आणि शिळा असायला? पहिल्या वर्षाच्या पोरानं हे उत्तर दिलं असतं तर तिनं त्याला वर्गाबाहेर काढून हसू दाबलं असतं. काकांनी मात्र विचार केला, डोकं खाजवलं. "तुम्ही म्हणता तर तसंच असेल," म्हणाले, आणि नवी चिठ्ठी शोधायला लागले.

तिनं बाटली कोटाच्या खिशात टाकली आणि जिना चढायला लागली. एकेक पायरी. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि जिन्यात मुलं वर-खाली करत होती, कुणाच्या हातात फॉर्म, कुणाच्या तोंडात पेनाचं टोपण. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा आजचा शेवटचा दिवस. दोघींनी तिला वाट दिली. पुढे गेल्यावर एकीनं दुसरीला काहीतरी सांगितलं, त्यातला एकच शब्द तिला ऐकू आला — नाकवाल्या. नाकवाल्या मॅडम. कुठल्या तुकडीनं ठेवलं होतं हे नाव कुणास ठाऊक, पण ते एका तुकडीकडून दुसरीकडे जात राहिलं आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट, खरं सांगायचं तर, मिरवलं होतं मी ते नाव. बंद खोलीच्या दारातून सांगायची मी, आत कोण काय उकळतंय. मुलं टाळ्या वाजवायची.

आणि मग मागच्या वर्षी आठ दिवस ताप आला. साधा ताप, सगळ्या घराला आला, सगळ्यांचा गेला. नवव्या दिवशी सकाळी ती कॉफी प्यायला बसली आणि कॉफी गरम होती... एवढंच. गरम, आणि थोडी कडू, आणि बाकी काही नाही. तिनं कप नाकाशी नेला. मग कॉफीचा डबा. मग साबण, मग नवऱ्याचा शर्ट, मग — बाथरूमचं दार लावून — स्वतःचा खांदा. डॉक्टर म्हणाले, काहींचं परत येतं, काहींचं येत नाही, वाट पाहा. जसं काही बसस्टॉपवर उभं राहायचंय.

नवऱ्याला तिनं सांगितलं नाही. का नाही, ते तिला नीटसं सांगता आलं नसतं. आधी वाटलं, येईलच परत, कशाला उगाच. मग उशीर झाला, आणि उशिरा सांगण्यात आधी न सांगितल्याचंही सांगावं लागतं. दूध करपलं की तो आतून ओरडायचा, "अगं, नाक कुठे गहाण टाकलंस?" आणि ती म्हणायची, "सर्दी झालीय." वर्षभर सर्दी! त्यालाही काही वाटलं नाही. झोपायला जाताना ती गॅसचं बटण तीनदा पाहायची, बोटानं दाबून, आणि अंथरुणावर पडल्यावर चौथ्यांदा पाहायला उठायची. तो कुशीवर वळून म्हणायचा, "म्हातारी झालीस." आमटीत, भाजीत मीठ कमी-जास्त व्हायला लागलं तेव्हाही तो हेच म्हणाला, प्रेमानंच.

विभागाच्या खोलीत टेबलावर यादी पडली होती. ती यादी दर वर्षी तीच करायची — पदवीला कोणकोणते रसायनशास्त्राचे विषय, कुठल्या वर्षाला, कुणाकडे, मागच्या वर्षी काय शिकलेलं असायला हवं — कारण तिचं अक्षर चांगलं होतं आणि नंतर संगणक आला तरी ते काम तिच्याकडून हललं नाही. या वर्षी समोर आणखी एक रकाना होता, विद्यार्थ्यांच्या संख्येचा. सामान्य रसायनशास्त्र, दोनशे चार. सेंद्रिय, एक आणि दोन, त्यांना मरण नाही. पर्यावरण रसायन, अठ्ठ्याऐंशी. स्वयंपाकघरातलं रसायनशास्त्र, एकशे तीस, प्रयोग सगळे पडद्यावर, कुणाचा कोट मळत नाही. आणि तिसऱ्या वर्षाच्या तळाशी, अज्ञात क्षाराची ओळख, प्रगत. अकरा.

बारा नसतील तर विषय यादीतून काढायचा. नियम विभागप्रमुखांचा नव्हता, वरून आला होता. विभागप्रमुख तिचाच विद्यार्थी, बिचारा सांगताना खाली पाहत होता. "मॅडम, एक जण मिळाला तरी पुरे आहे. पाचपर्यंत यादी द्या." आणि जाता जाता, सवयीनं हसून, "तुमच्या नाकाशिवाय हा विभाग म्हणजे..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही. त्याला वाटलं, कौतुक कळलं.

अज्ञात क्षार म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. एका नळीत चिमूटभर पांढरी भुकटी देतात, नळीवर नंबर असतो, नाव नसतं. मग मुलानं ती जाळून, विरघळवून, हे घालून, ते घालून शोधायचं की ही कोण आहे. आता हेच एखादं यंत्र एका मिनिटात कागदावर छापून देतं आणि कुणी तिला तसं म्हटलं की ती चिडायची, पण मनातून तिला उत्तर माहीत होतं: यंत्र सांगतं तेव्हा यंत्राला कळलेलं असतं. मुलाला काही कळलेलं नसतं. एकदा — कितीही लहान असो — एकदा तरी माणसाला कुणी न सांगता स्वतःच्या डोळ्यांनी, बोटांनी, नाकानं काहीतरी कळायला हवं. यासाठी मी सव्वीस वर्षं ॲसिडनं हात भाजून घेतले. यासाठी तो विषय राहायला हवा होता.

बारावी व्यक्ती होती. म्हणजे, झाली असती. फॉर्म तिनं पहिल्याच दिवशी भरला होता, सगळ्यांच्या आधी, मार्चमध्येच. आणि मग दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाचा निकाल लागला, चाळीस हवे होते, छत्तीस पडले, आणि कार्यालयानं तिचं नाव खोडलं.

सात नंबरची मुलगी.

परीक्षेच्या दिवशी मुलं नळीच्या नंबरानं ओळखली जातात. ही उंच होती, कोट मोठ्या भावाचा असावा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. हात वर केला होता तिनं आणि आवाज अगदी सरळ होता. "मॅडम, वास घेता का? व्हिनेगरचा येतोय." प्रयोगशाळेचा जुना रिवाज होता हा: वासाबद्दल शंका असली तर मुलानं बाईंना बोलवायचं, बाईंचं नाक अखेरचं, आणि बाईंनी काळ्या वहीत लिहून सही करायची. ती मुलीच्या टेबलापाशी गेली. पंजानं हवा ओढली. काही नव्हतं — पण काही नसणं वर्षभराचंच होतं, त्यात नवल नव्हतं. नवल हे होतं की खिशातल्या उत्तराच्या चिठ्ठीत सात नंबरपुढे सल्फेट लिहिलं होतं. सल्फेटला वास नसतो! त्या क्षणी मला काय वाटलं ते मी कुणाला सांगू... मला आनंद झाला. वर्षभरात पहिल्यांदा माझं नाक बरोबर होतं. वास येत नव्हता, कारण वास नव्हताच.

"नाही येत," ती म्हणाली होती.

"येतोय मॅडम. जरा आणखी एकदा..."

"तुला ॲसिटेट हवंय, म्हणून तुला वास येतोय." आणि मग, आजूबाजूची चार डोकी वर झालेली पाहून, जरा मोठ्यानं, "रसायनशास्त्रात हवं असून भागत नाही."

मुलं हसली होती. वाक्य चांगलं जमलं होतं, दोन दिवस ते तिला आठवत होतं, गुदगुल्या झाल्यासारखं. काळ्या वहीत तिनं लिहिलं — सात, वास घेतला, नाही — आणि खाली झोकदार सही.

दुपारी तिनं कपाटातून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला. सातवी पत्रिका काढायला वेळ लागला नाही. अक्षर बारीक, स्वच्छ. झिंक बरोबर ओळखलं होतं. सल्फेटची परीक्षा: पांढरा साका आला नाही. तिथे लाल शाईत प्रश्नचिन्ह होतं, तिचंच, आणि समोर 'पुन्हा करायला हवी होती' असा शेरा. ॲसिटेटची खात्रीची परीक्षा: लाल रंग दिसला नाही, बहुधा आम्ल जास्त पडलं. खरं होतं, आम्ल जास्त पडलं की तो रंग येत नाही. पोरीनं स्वतःची चूकही स्वतःच लिहून ठेवली होती. आणि शेवटी, उत्तराच्या ओळीवर, ॲसिटेट. खोडलेलं. एका सरळ रेघेनं. त्याच्या पुढे काहीच नाही.

सल्फेट लिहिलं असतं तर चारच काय, वीस गुण मिळाले असते. सगळा वर्ग अंदाजानं लिहितो, मॅडमच्या तोंडाकडे पाहून लिहितो. ही लिहू शकली नाही, कारण साका आला नव्हता. आणि ॲसिटेट ठेवू शकली नाही, कारण मी सांगितलं होतं. तिनं जागा कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेकडे मी किती वेळ पाहत बसले, कुणास ठाऊक. शेजारच्या टेबलावरचे भौतिक रसायनवाले सर दोनदा "चहा?" म्हणाले.

गुणदुरुस्तीचा फॉर्म असतो. अर्ध्या पानाचा. त्यात 'कारण' असा एक रकाना असतो, बोटभर लांब. बाटलीवरची चिठ्ठी चुकली होती — एवढं लिहिलं तरी फॉर्म भरतो. काकांचं नाव येईल, काका नाही म्हणणार नाहीत, स्वतःच पुढे होऊन सांगतील; दोन वर्षांत ते निवृत्त व्हायचे, कुणी काही करणार नाही. हे वाक्य तिच्या मनात किती पटकन तयार झालं! तिला स्वतःची शिसारी आली. आणि भागत तरी कुठे होतं? सोबत काळी वही जोडायची असते. विभागप्रमुख वही उघडणार, सही पाहणार, आणि गोड आवाजात विचारणार, मॅडम, चिठ्ठी चुकली हे ठीक, पण वास तर तुम्ही घेतला होतात...

मग? मग खरं. खरं सांगितलं की मुलगी पास, बारा पूर्ण, विषय राहिला — आणि विषय राहिला की लगेच प्रश्न, ज्या बाईला वास येत नाही तिच्याकडे तो कसा ठेवायचा, प्रयोगशाळेत कुठे काय गळतंय तेही जिला कळायचं नाही. दुसरं कुणी तो शिकवणारं नाही. म्हणजे विषय गेलाच. आणि गप्प बसले तर अकरा, म्हणजेही गेलाच. ती हे गणित परत परत मांडत राहिली, उलटं, सुलटं, जसं काही एखाद्या खेपेला वेगळं उत्तर येईल. नाकी नऊ आले. आणि हा वाक्प्रचार वापरल्यावर तिला एकटीलाच हसू आलं, रडण्याच्या फार जवळचं.

पावणेपाचला ती उठली. यादी टेबलावरच ठेवली. ठरवलं काहीच नव्हतं. पाय चालत होते.

मुलगी खालच्या व्हरांड्यात, कार्यालयाच्या खिडकीसमोरच्या बाकावर सापडली. मांडीवर फॉर्म होता, संख्याशास्त्राचा, शेवटची सही तेवढी बाकी. मॅडमना पाहून ती उठायला लागली.

"बस, बस." तीही बाजूला बसली. खिशातली बाटली बाकाला लागून वाजली. "संख्याशास्त्र घेतेस?"

"हो. तिथे काय, आकडे असतात ना समोर." मुलगी हसली. मनात काही धरलेलं दिसत नव्हतं, आणि हेच सहन होईना. "बरं झालं मॅडम, तुम्ही तेव्हा सांगितलंत. मला ना, सगळीकडे वास यायचे. घरी सगळे हसायचे. आता मी आधी विचारून घेते. दूध नासलंय का, आई बघ गं. तिला आला वास, तरच म्हणायचं."

"तुला येत असला तरी?"

"मला येतच असतो हो!" जणू विनोदच असावा तसं ती म्हणाली. "परवा तर गंमतच झाली. स्वयंपाकघरात गॅसचा वास येत होता, बराच वेळ. मी काही बोललेच नाही. म्हटलं, भास असेल, आपल्याला हवं असेल काहीतरी. मग दादा आला बाहेरून, त्यानं धावत जाऊन खिडक्या उघडल्या. असला ओरडला मला..."

ती ऐकत होती. तिचे हात मांडीवर होते आणि त्यांना काय करावं ते कळत नव्हतं. आपण रात्री चार-चारदा उठून ज्या बटणाला बोट लावून पाहतो, ते बटण... धडधाकट नाक होतं पोरीचं. चांगलं, तिखट, हजारात एक. माझ्या नाकासारखं. होतं तसं.

तिनं बाटली काढली. बूच उघडलं. तो पांढरा दाणा कडेवरून सुटून कोटावर पडला.

"हा घे बरं वास," ती म्हणाली.

मुलीनं फॉर्म बाजूला ठेवला, दुमडलेली बाही मागे केली आणि रीतसर, पंजानं, हवा आपल्याकडे ओढली. दोनदा. किती सुरेख शिकली होती! नाकपुड्या किंचित हलल्या, डोळ्यांत काहीतरी चमकलं, ओळखीचं कुणी दिसावं तसं — आणि लगेच ते मावळलं, आणि मुलीनं मान वळवून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आहे का, मॅडम?"

"तू सांग."

"तुम्ही घ्या ना एकदा."

हो म्हटलं असतं. आहे, व्हिनेगरचा आहे, तू तेव्हाही बरोबर होतीस. ओठांपर्यंत आलंही होतं. पण मुलगी तिच्याकडे अशी पाहत होती की 'आहे' म्हटलं तर आहे म्हणणार होती आणि 'नाही' म्हटलं तर नाही, आणि दोन्हींत सारखीच सुखानं मान हलवणार होती. खरं असलं तरी ते पुन्हा माझ्याच नाकाचं झालं असतं. ज्या नाकाचं काही उरलेलं नव्हतं, त्याचं.

"माझं नाक..." ती म्हणाली. "मला, बघ... गेलं वर्षभर मला..."

"सर्दी झालीय का?" मुलगी चटकन म्हणाली, काळजीनं. "माझ्या आईलाही झालीय. असू दे मॅडम, बरं वाटल्यावर सांगा."

खिडकीतल्या बाईनं पाच मिनिटं राहिल्याचं ओरडून सांगितलं. वर टेबलावर यादी होती, तळाशी अकरा. त्या अकराचं तिला आता काही वाटेना, कुणा दुसऱ्याच्या विभागातली यादी असावी तशी ती आठवली आणि गेली. वर्षभर तिला एकच धास्ती होती, कुणाला तरी कळेल. आता इथे, या बाकावर, तिला भलतीच भीती वाटत होती — की आपण काहीही बोललो तरी ही मुलगी ते खरं मानेल.

सर्दी. शब्द समोर आयता ठेवलेला होता. नुसती मान हलवायची होती. मी मान ताठ धरून बसले, मानेत कळ यायला लागली तरी, आणि बूच माझ्या मुठीत होतं, आणि मुलगी अजून माझ्याकडेच पाहत होती.